ढालीवरचा अणू आणि ढालीवरचा 'मोर'

म्युनिकच्या उत्तरेला, इझार नदीच्या पूर्व काठावर, इस्मानिंग नावाचं गाव आहे. विमानतळाकडे जाणारी लोकल इथून जाते, इथला कोबी पूर्वापार नावाजलेला आहे, आणि गेली काही वर्षं माझं बिऱ्हाड इथे आहे. ग्रामपंचायतीचा कुठलाही कागद आला, कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक असो नाहीतर कसलं बिल, की त्यावर एक चिमुकली ढाल, म्हणजे गावाचं चिन्ह, छापलेली असते. ढालीत एका काळ्या माणसाचं मस्तक. बाजूने दिसणारं, मुकुट घातलेलं. पहिले काही महिने मी ते पाहिलंच नव्हतं. बिलावर माणूस आधी आकडा बघतो. एकदा जिन्यात शेजारचे आजोबा भेटले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तो आमचा मोर." घरात येऊन कागद पुन्हा उजेडात धरला. पिसारा कुठे दिसेना.

जर्मन भाषेत 'मोर' म्हणजे आफ्रिकेतला काळा माणूस. शब्द जुना आहे, आणि आज चारचौघांत उच्चारला तर ऐकणारे जरा अवघडतात. बर्लिनमध्ये या शब्दाने सुरू होणारा एक रस्ता होता, मोरनष्ट्रासे. वर्षानुवर्षं वाद घालून, कोर्टाच्या पायऱ्या चढून-उतरून, 2025 साली त्याचं नाव बदललं आणि अठराव्या शतकात जर्मनीत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आफ्रिकी अभ्यासकाचं, आन्टोन विल्हेल्म आमोचं, नाव त्याला दिलं. ढाली मात्र अजून जागच्या जागी आहेत.

नदीच्या पलीकडच्या काठावर गार्शिंग. तिथल्या ढालीवर अंडं आहे. कोंबडीचं नव्हे, अणुभट्टीचं. 1957 साली जर्मनीतली पहिली अणुभट्टी तिथे सुरू झाली, संशोधनासाठी. तिच्या घुमटाला लोक 'अणूचं अंडं' म्हणू लागले. तेव्हा गार्शिंग शेतकऱ्यांचं खेडं होतं. खेड्याने ते अंडं उचललं आणि थेट ढालीत बसवलं. भट्टी 2000 साली विझली, अंडं ढालीवर राहिलं. म्हणजे एका पुलाच्या दोन टोकांना दोन गावं, एकाच्या कपाळी सातशे वर्षांपूर्वीची खूण, दुसऱ्याच्या कपाळी माझ्या वडिलांच्या तरुणपणातली. आणि दोघांनाही आज एकच प्रश्न विचारता येतो: हे अजून इथे कशाला?

या प्रश्नाला इथे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक गट म्हणतो, मूळ बघा, मुळात अर्थ किती चांगला होता. दुसरा म्हणतो, आज काय दिसतं ते बघा आणि पुसून टाका. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. ढाल म्हणजे गावाचा जन्मदाखला नव्हे, आणि आरसाही नव्हे की चेहरा बदलला म्हणून काच बदलावी. ती गावाने एका बैठकीत केलेला ठराव आहे. ठराव बदलता येतो, कायमही ठेवता येतो. पण दोन्ही वेळा तो पुन्हा वाचून दाखवावा लागतो, आणि ऐकायला कोण कोण बसलंय ते बघावं लागतं. हे मला सुचलं ते आमच्या मोरामुळे नाही, तिसऱ्याच एका गावामुळे.

गुंड्रेमिंगेन. आमच्याच बव्हेरिया राज्याच्या पश्चिमेला, डॅन्यूबकाठी, दीडएक हजार वस्तीचं खेडं. नाव जर्मनीत मात्र घराघरात माहीत. 1966 च्या अखेरीस इथलं अणुवीज केंद्र सुरू झालं. देशातलं पहिलं मोठं व्यापारी केंद्र. ज्या गावात चर्चचा मनोरा हीच सगळ्यात उंच वस्तू, तिथे पुढे 160 मीटरचे दोन शीतक मनोरे उभे राहिले आणि त्यांची वाफ दूर दूरच्या शेतांतून दिसू लागली. जर्मनीत धंद्यावरचा कर स्थानिक पंचायतीला मिळतो, त्यामुळे असं केंद्र ज्याच्या शिवारात त्याची तिजोरी भरलेली. गावाच्या ढालीवर सोनेरी अणू आहे. मधे केंद्रक, भोवती कक्षा, शाळेच्या पुस्तकात असतो अगदी तसा.

(इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. इलेक्ट्रॉन असे ग्रहांसारखे आखीव कक्षांत फिरत नाहीत, हे 1925 च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग आणि मंडळींनी दाखवून दिलं होतं, आणि हायझेनबर्ग तर म्युनिकमध्येच वाढलेला, शिकलेला. म्हणजे ढालीवर चढला तेव्हाच तो अणू विज्ञानाच्या हिशेबात कैक वर्षं जुना होता. कुणाचं काही बिघडलं नाही. ढालीवरचा सिंहही प्राणिशास्त्राला धरून नसतो.)

पुढचा इतिहास ढालीसारखा सोनेरी नाही. नोव्हेंबर 1975 मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना किरणोत्सारी वाफ सुटली आणि दोन कामगार भाजून गेले; जर्मन अणुवीज केंद्रातले ते पहिले मृत्यू. जानेवारी 1977 मध्ये कडाक्याच्या थंडीत वीजवाहिन्यांवर बिघाड झाला, भट्टी घाईने बंद करताना चुका झाल्या, इमारतीत पाणी साचलं, आणि ती पहिली भट्टी पुन्हा कधी पेटलीच नाही. 1984 मध्ये शेजारी दोन नव्या, पाचपट मोठ्या भट्ट्या आल्या. त्यातली एक 2017 च्या अखेरीस बंद झाली, दुसरी 31 डिसेंबर 2021 ला. देशातल्या शेवटच्या तीन भट्ट्या 15 एप्रिल 2023 ला थांबल्या. आणि 25 ऑक्टोबर 2025 च्या दुपारी गुंड्रेमिंगेनचे दोन्ही मनोरे सुरुंग लावून पाडले. बघायला जत्रा लोटली होती. मी ते घरी बसून फोनवर पाहिलं: आधी धूळ, मग वाकलेला एक काठ, आणि मग एकदम आभाळ.

त्यानंतर एका शनिवारी तिकडे जाऊन आलो. ग्युन्झबुर्ग स्टेशनवर उतरलो तर फलाटभर पोरं. जवळच लेगोलँड आहे, सगळी गर्दी तिकडे निघालेली. माझ्या दिशेला कोणी नव्हतं. गावात शिरलो तर नीटनेटकी घरं, खिडक्यांत फुलं, बेकरी बंद. ढाल दिसली, तिच्यावरचा अणूही दिसला. उन्हात चांगला झळकत होता. आणि मनोरे जिथे असायचे तिकडे मान वळवली तर काहीच नाही. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, आता ढाल बदलणार का? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या रिकाम्या जागेकडे. म्हणाल्या, "का? ते अजून आहेच की."

मला आधी वाटलं, आठवणीत आहे म्हणतायत. नंतर उमगलं की बाई अक्षरशः खरं बोलत होत्या. वापरलेलं इंधन गावाच्या हद्दीतच आहे, लोखंडी पिंपांत, जाड काँक्रीटच्या कोठारात. कोठाराला नाव 'मध्यंतरीची साठवण', परवाना 2046 पर्यंतचा. कायमची जागा अजून ठरलेली नाही. कायद्याने ठरवण्याचं उद्दिष्ट 2031 होतं, आणि ते पाळलं जाणार नाही हे सरकारनेच कबूल केलंय. म्हणजे वीज गेली, वाफ गेली, मनोरे गेले, कर आटला. अणू तेवढा राहिला. आज गुंड्रेमिंगेनच्या ढालीवरून अणू काढला तर ढाल खोटी होईल. तो जेव्हा चढवला तेव्हा त्याचा अर्थ भरभराट होता. आता अर्थ आहे राखण. चित्रातली एक रेघ न बदलता अर्थाने कूस बदलली, आणि माझ्या मते गावाने हे एकदा सभेत मोठ्याने म्हणावं: आम्ही अणू ठेवतोय, कारण तो आमच्याकडे ठेवलाय.

यावर कोणी म्हणेल, दोन माणसं गेली, पिढ्यान्‌पिढ्यांचा धोका उरावर आहे, आणि तुम्ही त्याला सोनेरी रंगात मिरवता? आक्षेप रास्त आहे. पण पुसल्याने फायदा कोणाचा होतो ते बघा. ढालीवर अणू नसेल तर कोठार हा फक्त कंपनीचा आणि सरकारचा विषय होतो. ढालीवर असेल तर तो गावाचा राहतो, आणि 2046 साली 'मध्यंतर' आणखी वाढवायचं ठरलं तर गावाला म्हणता येतं की हे आमच्या कपाळावर लिहिलंय, आम्हाला विचारा.

मराठी माणसाला इथे तारापूर आठवल्याशिवाय राहत नाही, आणि नातं लांबून आणलेलं नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या. त्याही अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या रचनेच्या, पाणी उकळून थेट वाफ करणाऱ्या. गुंड्रेमिंगेनच्या पहिल्या भट्टीच्या भावकीतल्याच म्हणा. जर्मन भट्टी दहा वर्षांत संपली, तारापूरने अर्धशतक ओलांडलं. पुढे तिसरी-चौथी भट्टी आली तेव्हा पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं मूळ जागेवरून उठली. मासेमारी करणाऱ्यांना समुद्रापासून लांब वसवलं, कोर्टकज्जे झाले. आपल्या ग्रामपंचायतीकडे ढाल नसते, गोल शिक्का असतो: गावाचं नाव, तालुका, जिल्हा. तिथल्या शिक्क्यात 2014 साली जेव्हा बदल झाला तोही एवढाच, की ठाण्याच्या जागी पालघर आलं. अणू त्यांच्या वाट्याला आला, पण तो चिन्हावर घ्यायचा की नाही हे विचारण्याइतपतही कोणी त्यांच्याकडे वळलं नाही. म्हणून गुंड्रेमिंगेनच्या ढालीकडे बघताना मला कौतुकापेक्षा थोडी असूया वाटते. चुकीचा का होईना, निर्णय त्यांचा होता.

आता या ढाली येतात कुठून ते थोडं सांगतो, कारण 'मूळ बघा' म्हणणाऱ्यांचा सगळा भर त्यावर असतो. ढालीला जर्मनमध्ये 'वापन' म्हणतात आणि हत्याराला 'वाफन'. दोन्ही शब्द एकाच घरचे. बाराव्या शतकात शिरस्त्राणाआड तोंड झाकलं गेलं, आपला कोण आणि परका कोण हे ओळखायला सरदारांनी ढाली रंगवल्या. पुढे ते बिशपांनी, मठांनी, शहरांनी उचललं. खेडी यात फार उशिरा आली. जर्मन खेड्यांच्या बहुतांश ढाली विसाव्या शतकातल्या आहेत. जुन्या वाटतात, कारण जुन्या वाटाव्यात म्हणूनच काढल्या आहेत. गावाने शिक्षकाला किंवा पाद्र्याला कामाला लावायचं, त्याने दप्तरं धुंडाळून पूर्वी इथे कोणाची सत्ता होती ते काढायचं, त्या सत्ताधीशाच्या ढालीतला एक तुकडा घ्यायचा, नदी असेल तर एक नागमोडी पट्टा, गिरणी असेल तर चाक, चर्चच्या संताची किल्ली नाहीतर तलवार. रंग मोजके: सोनं, चांदी, लाल, निळा, काळा, हिरवा. सोन्यावर चांदी नको, रंगावर रंग नको, लांबून ओळखू आलं पाहिजे. अक्षरं शक्यतो टाळतात. शिवरायांची राजमुद्रा स्वतःचा अर्थ स्वतः सांगते, 'प्रतिपच्चंद्रलेखेव' म्हणत. जर्मन ढाल तोंड मिटून बसते, आणि म्हणून तिच्या वतीने बोलायला शंभर जण पुढे येतात.

बव्हेरियात गावाला नवी ढाल घ्यायची किंवा जुनी बदलायची तर राज्याच्या अभिलेखागार महासंचालनालयाचा सल्ला घेणं बंधनकारक आहे. सल्ला मानायचा नसेल तर मसुदा वरच्या कार्यालयापुढे ठेवावा लागतो. निर्णय गावाचाच. आणि या सगळ्या शास्त्रात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की प्रमाण असतं ते चित्र नव्हे, वर्णन. 'सोनेरी क्षेत्रात अमुक, त्यावर लाल तमुक' असं एक-दोन ओळींचं वाक्य. त्या वाक्यात बसेल असं चित्र नव्या चित्रकाराने नव्याने काढावं, ढाल तीच राहते. हा मुद्दा लक्षात असू द्या, मोराकडे आलो की लागेल.

गावाचं आणि चिन्हाचं नातं किती चिवट असतं ते बघायचं तर 1970 चं दशक बघावं. पश्चिम जर्मनीत तेव्हा गावांची जोडणी झाली. सुमारे 24,000 पंचायतींच्या साडेआठ हजारांच्या आसपास उरल्या. आपल्या ग्रुप ग्रामपंचायतीसारखं, पण सक्तीने आणि कायमचं. बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या फ्रांकोनिया भागातल्या एर्मर्सहाउझन गावाने शेजारच्या गावात विलीन व्हायला नकार दिला, लोकांनी पंचायत कार्यालयाभोवती नाकेबंदी केली. मे 1978 मध्ये पहाटे शेकडो पोलीस घुसले. कशासाठी? दप्तर उचलायला. फायली गेल्या की गाव गेलं, हा हिशेब. गाव काही गेलं नाही. सोळा वर्षं भांडून 1994 साली ते पुन्हा स्वतंत्र झालं. बाकी हजारो गावं विलीन झाली, त्यांच्या ढालींचा सरकारी मान संपला. तरी त्या अग्निशमन दलाच्या सदऱ्यांवर, मे महिन्यात उभारायच्या खांबांवर अजून दिसतात. ज्या चिन्हामागे कुठलाच अधिकार उरलेला नाही ते लोक जपतात. म्हणून 'एवढंसं चित्र, त्यात काय' हे मला कधी पटत नाही.

तर आमचा मोर.

जवळच्याच फ्रायझिंग शहराच्या बिशपांनी तो चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आपल्या ढालीवर मिरवला. 1316 च्या एका हस्तलिखितात, बिशप कोनराड तिसरा यांच्या काळात, तो दिसतो. 1319 साली बिशपांनी इस्मानिंग आणि आसपासची गावं राजा लुडविगकडून मिळवली, आणि 1803 च्या सुमारास चर्चची राजसत्ता संपेपर्यंत ती त्यांचीच राहिली. आमच्या ढालीवर मोर आहे तो एवढ्यासाठी: गाव बिशपांच्या खालसातलं होतं. आल्प्सच्या पायथ्याच्या मिटेनवाल्डला आहे तो त्याच कारणाने. पार स्लोव्हेनियातल्या श्कोफ्या लोकाच्या चिन्हावरही तोच आहे, कारण तेही कधीकाळी फ्रायझिंगचं वतन होतं.

पण बिशपांकडे तो आला कुठून? श्कोफ्या लोकामध्ये गोष्ट सांगतात की जंगलात बिशपावर अस्वल धावून आलं, त्याच्या काळ्या नोकराने बाण मारून ते लोळवलं, आणि कृतज्ञ बिशपाने त्याचं मस्तक ढालीवर घेतलं. गोष्ट गोड आहे. नोकराला मुकुट कसा मिळाला ते मात्र गोष्ट सांगत नाही. काही अभ्यासक म्हणतात, हा संत मॉरिस, इजिप्तमधल्या थीब्जच्या पलटणीचा सेनानी. माग्डेबुर्गच्या चर्चमध्ये 1240 च्या सुमारास त्याचा काळ्या कातळासारखा देखणा पुतळा झाला, तिथून युरोपभर त्याची आफ्रिकी प्रतिमा पसरली. काही म्हणतात, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांपैकी एक. पूर्वी याच फ्रायझिंग-म्युनिकचे आर्चबिशप राहिलेले योझेफ रात्झिंगर 2005 साली पोप झाले तेव्हा त्यांनी हा मोर पोपच्या ढालीवर नेला: तपकिरी चेहरा, लाल ओठ, लाल मुकुट, लाल गळपट्टी. या मस्तकाचा नेमका अर्थ कोणाला ठाऊक नाही, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आपल्यापुरता त्यांनी तो चर्चच्या वैश्विकतेचा घेतला, जिथे वंश आणि वर्ग यांचा भेद नाही.

माझ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. खुद्द पोप झालेले रात्झिंगर लिहून गेले की नेमका अर्थ ठाऊक नाही, तरी गावच्या सभेत छातीठोकपणे सांगितलं जातं, "अहो तो संत मॉरिस, हा तर सन्मान आहे!" आणि विरुद्ध बाजूने तितक्याच छातीठोकपणे, "हा गुलामांच्या व्यापाराचा अवशेष." 1316 साली बव्हेरियाच्या बिशपाचा अटलांटिकच्या गुलामव्यापाराशी संबंध असणं शक्य नाही, तो व्यापार शतकाहून पुढचा. दोघेही आपल्याला हवं ते मूळ मागाहून लावून घेतात. मूळ हरवलेलं असेल तर त्याच्या नावावर ना चिन्ह ठेवता येतं, ना काढता येतं. आज गावाला काय म्हणायचंय, हा प्रश्न कोणालाच चुकत नाही.

ठेवा म्हणणाऱ्यांचं आणखी एक हुकमी पान म्हणजे कोबुर्ग. तिथल्या ढालीवर संत मॉरिसचं मस्तक होतं. कोबुर्ग हे नाझींना नगरपालिकेत स्पष्ट बहुमत देणारं जर्मनीतलं पहिलं शहर, 1929 साली. 1934 मध्ये त्यांनी ते मस्तक काढलं आणि मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार बसवली. 1945 मध्ये तलवार गेली, मस्तक परतलं. म्हणून कोणी आज ढालीला हात लावायचं म्हटलं की उत्तर तयार असतं: नाझींनीही हेच केलं होतं! हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं आणि रागही. नाझींनी ते मस्तक काढलं कारण त्यांना काळा माणूस संत म्हणून सहन होत नव्हता. आज जी मंडळी प्रश्न विचारतात त्यांना त्याचं मस्तक विदूषकासारखं रंगवलेलं सहन होत नाही. दोन्हींना एकाच दावणीला बांधणं म्हणजे चर्चा टाळणं. कोबुर्गचा खरा धडा मला वेगळा दिसतो: तिथे ढाल नाझी सत्तेच्या हुकमाने बदलली. गावाने वाचलेला तो ठराव नव्हता.

आणि वाचून बदलता येतं, याचं उदाहरण युरोपातच आहे. इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या झेंड्यावर चार मोरांची मस्तकं आहेत. दीर्घकाळ त्यांची पट्टी डोळ्यांवर होती, कैद्यासारखी. 1999 साली तिथल्या प्रादेशिक सरकारने कायदा करून पट्टी कपाळावर घेतली आणि मस्तकांची तोंडं फिरवली. शेजारच्या कॉर्सिका बेटाच्या मोराचे डोळे तर अठराव्या शतकातच तिथला नेता पास्क्वाले पाओली याने उघडले. चिन्ह तेच, वर्णनही जवळपास तेच. चार बोटं सरकलेली पट्टी, आणि कैद्याचा राजा झाला.

आमच्याकडे तर डोळ्यांवर पट्टी नाहीच, मुकुट आधीपासून आहे. मग अडतं कुठे? रेखाटनात. जिथे जिथे हा मोर दिसतो त्या सगळ्या प्रती शेजारी शेजारी लावून बघा. काहींत शांत, भारदस्त चेहरा. काहींत फुगवलेले लालभडक ओठ, बटबटीत डोळा, कानात बाळी. वर्णनाच्या वाक्यात ओठ फुगवा असं कुठलं शास्त्र सांगत नाही. ती त्या त्या चित्रकाराची, त्या त्या दशकाची करणी. म्हणजे ढाल न बदलता, महासंचालनालयाशी फार हुज्जत न घालता, मोराला माणसाचा चेहरा देता येतो. माग्डेबुर्गचा पुतळा समोर आहेच. कोणाला काळा सेनानी कसा दिसतो हा प्रश्न पडला असेल तर उत्तर पावणेआठशे वर्षं उभं आहे. मी ठेवा म्हणेन, पण नव्याने काढून ठेवा. आणि पंचायतीच्या माहितीपत्रकात दोन ओळी छापा: हे बिशपांच्या सत्तेची खूण म्हणून आमच्याकडे आलं, बिशपांकडे कुठून आलं ते कोणाला माहीत नाही.

शेजारच्या आजोबांनी मला पुढे एकदा विचारलं होतं, "तुम्हाला वाईट वाटतं का हो तो बघून?" मला, कारण आमच्या जिन्यात सगळ्यात सावळा मीच. मी म्हटलं, आजोबा, माझी परवानगी चालणार नाही, चुकीच्या दारात आलात. पण नंतर त्यावर विचार करत राहिलो. योग्य दार कोणतं? या पट्ट्यात विद्यापीठ आहे, संशोधनसंस्था आहेत, विमानतळ आहे. नायजेरिया, सेनेगल, एरिट्रियातून आलेली माणसं इथे राहतात, कर भरतात, त्यांची पोरं इथल्या बालवाडीत जातात. त्यातल्या ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलेलं नाही त्यांना पंचायतीच्या निवडणुकीत मत नाही. युरोपीय संघातल्या नागरिकाला आहे, इटलीहून काही महिन्यांपूर्वी आलेल्यालाही, बाकीच्यांना नाही. मलाही नाही. मी भारताचा पासपोर्ट सोडलेला नाही, तो माझा निर्णय, त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम असा होतो की ढाल छापलेलं बिल येतं, ढाल छापलेली मतपत्रिका येत नाही. ज्याचा चेहरा ढालीवर आहे त्याच्यासारखा दिसणारा माणूस, ढालीवर चर्चा होईल तेव्हा, बहुधा प्रेक्षकांच्या खुर्चीत असेल. ओठांचा आकार हा त्यापुढे मला दुय्यम प्रश्न वाटतो. सभेत मत नसलं तरी बोलायला वेळ द्यायला कोणता कायदा आडवा येतो? ढालीचा ठराव पुन्हा वाचायचा तर त्या दिवशी या मंडळींना मागच्या रांगेतून पुढे बोलवावं आणि आधी त्यांचं ऐकावं. कदाचित ते म्हणतील, मुकुट आहे ना, राहू दे. कदाचित म्हणतील, नको. दोन्हींपैकी काहीही म्हणाले तरी संत मॉरिसच्या आडून बोलण्यापेक्षा ते बरं.

परवा पुन्हा पंचायतीचा लिफाफा आला. कचऱ्याचं नवं वेळापत्रक. फ्रीजवर लावताना लक्षात आलं, की ढालीवरचं मस्तक शास्त्राप्रमाणे आपल्या डावीकडे बघतं. शेजारी आमच्या भागाचा नकाशा लावलेला आहे. त्यावरही डावीकडे गेलं की आधी इझार लागते आणि मग गार्शिंग. इतकी वर्षं मोर तिकडे अंड्याकडे बघतोय.